शिरोरेषेच्या अलीकडे, पलीकडे

नवापूरच्या रेल्वे फलाटावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंना दोन राज्यांची नावं रंगवली आहेत. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन १ मे १९६० रोजी दोन राज्यांत वाटलं गेलं. तिकीट खिडकी इकडे आली, स्टेशन मास्तरांची खोली तिकडे गेली. पर्यटक बाकावर बसून फोटो काढतात आणि पुढच्या गाडीनं निघून जातात. गाडीची घोषणा चार भाषांत होते : मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. जिन्याच्या सावलीत भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ज्या भाषेत एकमेकींशी बोलत असतात, ती मावची. ती पाचवी. तिच्यात घोषणा होत नाही आणि झाली नाही म्हणून कुणाची गाडीही चुकत नाही, त्यामुळे तो प्रश्न कुणी विचारत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘अक्षर’ असा कळवला. लहान भाषा आपली अक्षरं आणि शुद्धलेखन कशी ठरवतात ते पाहा, युरोपात स्लोव्हेनियन भाषेचं उदाहरण चांगलं आहे, अशी पुस्तीही जोडली. स्लोव्हेनियाकडे वळूच. पण ज्यांना हा प्रश्न आज पडलेला आहे ती माणसं नंदुरबार जिल्ह्यात राहतात, म्हणून आधी तिकडे गेलो.

जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आतबाहेर, त्यात दर दहांपैकी सात माणसं आदिवासी. नवापूर भागात मावची आणि कोकणी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली आणि वसावी, धडगावच्या डोंगरात पावरी आणि नोयरी, शहाद्याच्या सपाटीवर भिलोरी आणि गुजरी, नंदुरबार शहरात अहिराणी. ही यादी कुणालाच पुरी वाटत नाही, दर दहा मैलांवर कुणीतरी ‘आमची जरा वेगळी’ म्हणतंच. बोलींच्या सीमा राज्यांच्या सीमेशी जुळत नाहीत. मावची सीमेपलीकडे गुजरातच्या तापी जिल्ह्यात गामीत होते, पावरी मध्य प्रदेशातल्या बडवानीकडे बारेली होते. बोलणारे एकमेकांचं सहज समजून घेतात. अडतं ते वहीत.

नवापूरकडचं मूल आपली बोली लिहायला गेलं तर मराठी शाळेत शिकलेली देवनागरी वापरतं, म्हणजे डोक्यावर रेघ. सीमेपलीकडच्या उच्छलचं त्याचं मामेभावंड तेच वाक्य गुजराती अक्षरांत, बिनरेघेचं लिहितं. बडवानीकडचं मूल देवनागरीच वापरतं, पण हिंदीच्या सवयीनं ‘ड’खाली टिंब देतं, आणि ‘ळ’ त्याला शाळेत शिकवलेलाच नसतो. एका आजीची गोष्ट तीन नातवंडांनी उतरवून घेतली तर तीन वह्या तयार होतील, आणि तिन्ही नातवंडांना एकमेकांच्या वह्या अडखळत वाचाव्या लागतील.

‘सात’ की ‘हात’

नवापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गुरुजी स्वतः मावची बोलणारे आहेत. त्यांच्यामुळे मला एक गोष्ट जवळून पाहता आली. दुसरीच्या वर्गात अंक अक्षरी लिहायचे होते. एका मुलीनं ७ च्या पुढे ‘हात’ लिहिलं आणि २० च्या पुढे ‘वीह’. अक्षर वळणदार, काना-मात्रा जागच्या जागी. ऐकू आलं ते तिनं बिनचूक लिहिलं होतं, कारण मावचीत आणि आसपासच्या बऱ्याच भिली बोलींत मराठीच्या ‘स’च्या जागी ‘ह’ येतो. गुरुजींनी लाल पेन हातात घेतलं, थोडं थांबले, आणि फुली न मारता शेजारी ‘सात’ लिहिलं. परगावाहून आलेला मास्तर असता तर फुली पडली असती, असं ते म्हणाले. तेही वाईट मनानं नाही, त्याला ती मुलगी शरीराचा अवयव लिहून बसली असंच वाटलं असतं.

हा ‘ह’ एकटा नाही. कुठे ‘च’ सरकून ‘स’कडे जातो. म्हणजे मराठीचा ‘स’ ‘ह’ झाला, आणि रिकाम्या झालेल्या ‘स’च्या जागेवर ‘च’ येऊन बसला. ज्याला हे ठाऊक आहे त्याला त्यात शिस्त दिसते, ज्याला नाही त्याला ते अशुद्ध बोलणं वाटतं. शब्दातला हलका ‘ह’ कुणी लिहितं, कुणी गाळतं. लांबवलेल्या ‘अ’साठी कुणी अवग्रह घालतं, कुणी सरळ काना देऊन मोकळं होतं. नाकातले स्वर तर पुष्कळ, पण टिंब द्यायचं की नाही यावर दोन शिक्षकांचं एकमत मला आढळलं नाही.

आपण मराठीवाल्यांनी यावर फार हसू नये. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. दोन्हीतले ‘च’ वेगळे आहेत, अक्षर मात्र एकच. ‘ज’ आणि ‘झ’ची तीच कथा. मराठी आईच्या मांडीवर शिकलेल्याला हे जाणवतही नाही, पण मराठी शिकणाऱ्या पावरा मुलाला कुठला ‘च’ कुठे हे पाठच करावं लागतं. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये चारांची भर घातली. या अठरा नियमांत ऱ्हस्व-दीर्घावर बरीच शाई खर्च झाली आहे, दोन ‘च’ मात्र राहिले तसेच राहिले. शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना जागा मिळाली. बँक आणि ऑफिस नीट लिहिता यावं म्हणून ही सोय झाली. इंग्रजीसाठी दोन नवी अक्षरं घेताना मराठीचं काही बिघडलं नाही. मग सातपुड्यातल्या आवाजांसाठी एखादं टिंब जास्त लागलं तर बिघडायचं कारण नाही.

गावित आणि गामीत

शुद्धलेखन हा हौशी पंडितांचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जातीच्या दाखल्याच्या रांगेत तासभर उभं राहावं. सीमेच्या अलीकडे आडनाव ‘वसावे’, पलीकडे ‘वसावा’. अलीकडे ‘गावित’, पलीकडे ‘गामीत’. सोयरीक आहे, कुलदैवत एक आहे, महाशिवरात्रीला सागबाऱ्याजवळच्या देवमोगरा मातेच्या यात्रेला सगळे एकाच वाटेनं जातात. पण मुलगी तिकडून इकडे सून म्हणून आली की तिची कागदपत्रं दोन वर्तनींची होतात. आधार कार्डावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी, आणि इंग्रजीत उतरवताना कारकुनानं केलेली तिसरी.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीला याची जाणीव आहे. भिलांच्या नोंदीत शेवटी ‘वसावा, वसावे’ अशी दोन्ही रूपं शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्या नोंदीत ‘गामित, गामता, गावित, मावची, पाडवी’ असा एकच गट आहे. तिसरीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’. ही यादी मला भाषेच्या दृष्टीनं फार प्रामाणिक वाटते. लोक एकच नाव किती तऱ्हांनी उच्चारतात हे तिनं मान्य केलं आहे.

मात्र जे रूप यादीत नाही, ते नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली मिलिंद खटल्यात सांगितलं की यादी आहे तशीच वाचायची, कुठल्याही न्यायालयानं त्यात भर घालायची नाही. यादीतला ‘धनगड’ म्हणजेच ‘धनगर’ का, हा ‘ड’ आणि ‘र’चा वाद तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यावरच्या याचिका फेटाळल्या. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याची ही जागा नव्हे. एका अक्षरावर केवढं ओझं येऊ शकतं एवढं कळलं तरी पुरे.

वीस लाखांची भाषा, पंचवीस अक्षरं

आता स्लोव्हेनिया. आल्प्सच्या पायथ्याचा, नंदुरबार जिल्ह्याहून थोड्या जास्त लोकसंख्येचा देश. भाषा बोलणारे वीस लाखांच्या घरात. संस्कृतासारखं द्विवचन त्यांनी आजही जिवंत ठेवलंय, ‘आपण दोघे’ आणि ‘आपण सगळे’ यांना क्रियापदाची वेगळी रूपं लागतात. वर्णमालेत अक्षरं पंचवीस. इंग्रजीतली क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय ही चार त्यांनी घेतली नाहीत, आणि सी, एस, झेड यांच्या डोक्यावर छोटी चिमटी लावून तीन नवी केली. साधा ‘सी’ म्हणजे आपल्या ‘चारा’तला ‘च’, चिमटीवाला ‘सी’ म्हणजे ‘चार’ मधला. मराठीला जे दोन ‘च’ वेगळे दाखवता आले नाहीत, ते त्यांनी एका चिमटीत दाखवले!

हे एका दिवसात झालेलं नाही. पहिली छापील पुस्तकं प्रिमोझ त्रुबार या धर्मसुधारकानं १५५० साली काढली, तीही परमुलखात, जर्मनीत छापून. त्यातलं एक मुळाक्षरांचं होतं. त्यानं आधी जर्मन वळणाची गॉथिक अक्षरं वापरली, मग लॅटिनकडे वळला. १५८४ मध्ये आदाम बोहोरिचनं व्याकरण लिहिलं आणि एका आवाजासाठी दोन अक्षरांची जोडी जुळवण्याची त्याची पद्धत अडीचशे वर्षं चालली. ती गैरसोयीची होती. म्हणून १८२४ मध्ये पेटर डाइन्को आणि १८२५ मध्ये फ्रान्त्स मेटेल्को यांनी आपापली नवी वर्णमाला मांडली. एक आवाज, एक अक्षर, तर्काला धरून. मेटेल्कोनं तर रशियन वळणाची अक्षरं लॅटिनमध्ये मिसळली.

आणि भांडण पेटलं. ‘अक्षरांचं युद्ध’ या नावानंच ते ओळखलं जातं. फ्रान्त्से प्रेशेरेन हा त्यांचा सर्वांत मोठा कवी. लापशीला जो शब्द आहे तो कुठल्या अक्षरानं लिहायचा यावर हमरीतुमरीवर येणाऱ्या विद्वानांची त्यानं एका सुनीतात टोपी उडवली. १८३३ मध्ये मेटेल्कोच्या अक्षरांवर शाळांत बंदी आली, पुढं डाइन्कोचीही गेली. अखेर जी टिकली ती या दोघांचीही नव्हती. ल्युदेवित गाय या क्रोएशियन माणसानं चेक भाषेवरून उचललेली चिमट्यांची पद्धत १८४० च्या दशकात स्लोव्हेन लोकांनी घेतली. म्हणजे उसनवारीची उसनवारी. ती रुजवण्यात मोठा हात होता यानेझ ब्लायवाइस यांच्या शेतकरी आणि कारागिरांसाठी काढलेल्या वृत्तपत्राचा. ते १८४३ साली सुरू झालं. शेणखत कधी घालावं, गुरांना काय झालं तर काय करावं, हे दर आठवड्याला ज्या अक्षरांत वाचलं, ती अक्षरं लोकांची झाली. शुद्धलेखनाचं पहिलं मोठं नियमपुस्तक आलं ते नंतर, १८९९ मध्ये.

आवाजाशी अक्षर तंतोतंत जुळतं असंही नाही. ‘ए’चे निरनिराळे उच्चार तिथे एकाच अक्षरात कोंबलेले आहेत, शब्दाच्या शेवटचा ‘ल’ पुष्कळदा ‘उ’सारखा बोलला जातो आणि तरी ‘ल’च लिहिला जातो. त्यांचं काम अडत नाही. मला या सगळ्या कथेत महत्त्वाचं वाटतं ते हे : सगळ्यांत शास्त्रशुद्ध वर्णमाला हरल्या, आणि लोकांच्या हातात नेमानं पडणारी जिंकली.

लिपी नाही म्हणे

नंदुरबारमध्ये शिकलेल्या माणसांकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं. या भाषा नव्हेत, बोली आहेत, कारण यांना लिपी नाही. हे वाक्य चुकीचं आहे आणि ते शाळेतूनच पसरतं. मराठीची स्वतःची अशी लिपी कुठे आहे? देवनागरी तिची एकटीची नाही, आणि मोडी आपण सोडून दिली. इंग्रजीनं रोमन लोकांची अक्षरं घेतली. लिपी उसनी असणं हा नियम आहे, स्वतःची असणं हा अपवाद. संथाळीसाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी घडवली, तो मोठा अपवाद. संथाळी २००३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. २०११ च्या जनगणनेत संथाळी मातृभाषा सांगणारे सुमारे ७४ लाख होते, भिली-भिलोडी सांगणारे १ कोटी ४ लाख. भिली अजून अनुसूचीबाहेर आहे. तेव्हा संख्येचा मुद्दा कुणी काढू नये.

या भाषा कागदावर आलेल्या नाहीत, असंही नाही. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिली भाषांचा आणि खानदेशीचा खंड १९०७ मध्ये निघाला. त्यात मावची, नोयरी, पावरी, देहवाली यांचे नमुने आहेत. वाट चुकून घरी परतलेल्या मुलाची बायबलातली कथा या बोलींत सांगवून घेतली आणि अधिकाऱ्यांमार्फत लिहवून घेतली. पहिलं लेखन झालं ते असं, परक्या कथेचं. नवापूर भागात आलेल्या मिशनऱ्यांनी मावचीत धर्मग्रंथ उतरवले. रविवारच्या प्रार्थनेमुळे छापील मावची वाचायची सवय असलेली माणसं तिथे आजही भेटतात, आणि त्यांची वर्तनी इतरांपेक्षा स्थिर असते.

आपल्या माणसांनी लिहायला घेतलं ते पुढं. शहाद्याला १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्यातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा, त्यात भिलोरी कविताही आहेत. नर्मदेकाठी, सरदार सरोवराच्या बुडीत जाणाऱ्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनानं १९९१-९२ पासून जीवनशाळा सुरू केल्या. चिमलखेडीसारख्या, रस्ता नसलेल्या गावात मुलं आधी आपल्या बोलीत आणि मग मराठीत शिकू लागली. गणेश देवी यांच्या भाषा केंद्रानं ‘ढोल’ हे नियतकालिक भिली बोलींत काढलं. त्यांच्याच भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, तो पद्मगंधा प्रकाशनानं २०१३ मध्ये छापला. त्यात या बोलींबद्दल त्या बोलणाऱ्यांनीच लिहिलेलं वाचायला मिळतं.

इथे खानदेशातलंच एक जुनं उदाहरण आठवतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, वहीत उतरवली आणि १९५२ मध्ये ती छापून आली. लेवा गणबोलीचे उच्चार प्रमाण मराठीत ‘सुधारून’ छापले असते तर त्या गाण्यांचं काय उरलं असतं? महाराष्ट्रानं ती तशीच वाचली, आणि वाचताना कुणाला कोश लागला नाही.

धडगावच्या बाजारात

धडगावचा आठवडे बाजार भरतो तेव्हा मोबाइलच्या दुकानांपुढे पोरांची गर्दी असते. दुकानदार गाणी भरून देतो : पावरी, भिली, टिमली, लग्नातल्या बँडची, सोंगाड्या पार्टीची. त्याच्या संगणकावर फायलींची नावं पाहिली. एकाच गाण्याच्या चार प्रती चार स्पेलिंगांनी, सगळी रोमन अक्षरांत. गाणं शोधताना पोरं नाव टाइप करत नाहीत, गुणगुणून दाखवतात. दुकानदाराला तेवढं पुरतं.

व्हॉट्सॲपवर मात्र ही पोरं पावरी लिहितात, भरपूर लिहितात. कीबोर्ड मराठीचा लावला की तो पावरी शब्दाला जवळचा मराठी शब्द सुचवतो, हिंदीचा लावला की हिंदी. लाल पेनाचं काम आता फोन करतो. म्हणून बरेच जण रोमनकडे वळतात, तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा आणि टिंबाचा जाच नाही. बडवानीचा मित्र, तळोद्याचा मित्र आणि सुरतेला कामाला गेलेला भाऊ तिघेही ते वाचू शकतात. रोमन लिपीबद्दल माझ्या मनात किंतू होता. तीन राज्यांत वाटल्या गेलेल्या भाषेला ती जोडून घेते, हे धडगावात पाहिल्यावर तो बराच कमी झाला.

आता यंत्रंही आली आहेत. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे अनुवादाचं ॲप आणलं. त्यात संथाळी, मुंडारी, गोंडी यांच्याबरोबर भिली आहे, आणि ती मध्य प्रदेशातली. यंत्राला एक वर्तनी लागते, आणि जी आधी छापून, टाइप होऊन पडलेली असते तीच ते उचलतं. नंदुरबारच्या भिलोरीत, मावचीत, पावरीत मजकूरच कमी असेल तर उद्याचं यंत्र इथल्या पोरांना बडवानीच्या हिंदी वळणाची भिली शुद्ध म्हणून शिकवेल.

नियम ठरवायला समित्या बसवता येतील, आणि बसतीलही. तोवर मजकूर हवा : गोष्टी, बाजारभाव, जनावरांच्या रोगांची माहिती, लग्नपत्रिका, दवाखान्याच्या पाट्या. शाळेत मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी असं राज्यघटनेच्या ३५० क कलमात आहे, पण पुस्तक नसेल तर शिक्षक ती सोय करणार कशातून? त्यासाठी सरकारकडे बोट दाखवण्याआधी एक काम आपल्याकडचं आहे. महाराष्ट्रात दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. त्यांच्या संपादकांनी पुढच्या वर्षी एक पान मावचीला, पावरीला किंवा देहवालीला द्यावं. मजकूर लिहिणाऱ्याच्या वर्तनीत छापावा, मुद्रितशोधकानं त्याला हात लावू नये, आणि मानधन मराठी लेखकाइतकंच द्यावं. लिहिणारे नवापूरला, धडगावला, मोलगीला आहेत. पत्ते मी देतो.